यवतमाळच्या रानाची नोंद

यवतमाळच्या रानातून वनस्पतींचे नमुने आणायचा तुमचा बेत आहे ना? मग आधी जुना नकाशा पाहा. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. पण हा जिल्हा पडला वऱ्हाडात, आणि वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला. पळसाला कुठली ठाऊक इलाख्याची हद्द! जिल्ह्याचा स्वतंत्र ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने काढला तो १९९३ साली, कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा. तो चाळूनच फेऱ्या ठरवा.

हो, फेऱ्या, एकीत भागत नाही. पळस नि मोह फुलतात ते पाने झडल्यावर, तेव्हा पानांसाठी पुन्हा त्याच झाडापाशी जायचे. गवते पाहायची तर भादवा-आश्विन गाठा.

वनखात्याची परवानगी आधी काढा. टिपकागद, जुनी वर्तमानपत्रे, दाबायच्या फळ्या घ्याच. पण जपायची ती वही. क्रमांक, तारीख, गाव, ओढ्याचा काठ की मुरमाड माळ, फुलाचा रंग (वाळल्यावर तो उडतो), सारे जागच्या जागी लिहा. पांढरकवड्याकडे कोलामांच्या पोडावर गेलात, तर एखाद्या आजीला झाडाचे कोलामी नाव विचारा आणि कानावर पडेल तसेच उतरवून घ्या.