बाळंतपण

बाळंतपण किंवा प्रसूती म्हणजे गर्भाशयातील मूल आणि त्यामागोमाग वार शरीराबाहेर येण्याची क्रिया. व्यवहारात हा शब्द प्रसूतीनंतरच्या साधारण सव्वा महिन्याच्या काळासाठीही वापरला जातो. बहुतेक बाळंतपणे नैसर्गिकरीत्या पार पडतात. मात्र गुंतागुंत पूर्वसूचनेशिवायही उद्भवू शकत असल्याने वेळेवर उपचार मिळणे महत्त्वाचे ठरते.

गरोदरपण

गरोदरपणाचा काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तो सुमारे 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे असतो. 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. या काळात किमान चार तपासण्या आवश्यक असून पहिली 12 आठवड्यांच्या आत व्हावी. तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन व लघवीतील प्रथिने पाहतात. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. लोह व फॉलिक आम्लाची गोळी गरोदरपणात 180 दिवस आणि प्रसूतीनंतर 180 दिवस रोज घ्यावयाची असते.

प्रसूतीच्या अवस्था

पहिल्या अवस्थेत नियमित कळांमुळे गर्भाशयाचे तोंड हळूहळू 10 सेंटिमीटरपर्यंत उघडते. पहिलटकरणीत यास बारा तास किंवा अधिक वेळ लागू शकतो. दुसऱ्या अवस्थेत मूल जन्मते. तिसऱ्या अवस्थेत वार पडते. तिला बहुधा अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागतो. वार सुटलेल्या जागेवरील रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या आकुंचनाने बंद होतात. गर्भाशय सैल राहिल्यास मोठा रक्तस्राव होतो. तो टाळण्यासाठी मूल जन्मताच मातेला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. प्रसूतीनंतरचे पहिले 24 तास म्हणूनच विशेष देखरेखीचे असतात.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात जाणे आवश्यक असते :

• अंगावरून रक्त जाणे
• तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा झटके
• मुलाची हालचाल मंदावणे
• कळांपूर्वीच पाणी जाणे
• प्रसूतीनंतर ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव

रूढी आणि समजुती

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. डोहाळजेवण, पाचवीची पूजा, अळिवाची खीर व डिंकाचे लाडू ही या काळाची परिचित अंगे होत. विश्रांती व मायेची माणसे मिळणे हितकारक असते. मात्र मूल मोठे होऊन अडेल या भीतीने गरोदर स्त्रीने कमी खाणे, पहिले चीकदूध काढून टाकणे आणि नवजात बालकाला मधाचे बोट चाटवणे या प्रथा अपायकारक आहेत. चीकदुधात रोगप्रतिकारक घटक असतात. ते जन्मानंतर पहिल्या तासातच पाजावे.

इतिहास

सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू करून विधवांच्या सुरक्षित बाळंतपणाची सोय केली. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांनी दगावले. पुढे त्यांनी अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेतले व 1886 मधील पदवीसाठी प्राचीन भारतीय प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे 2004-06 मध्ये 130 होते. ते 2018-20 मध्ये 33 वर आले.

ऊसपट्ट्यातील स्थिती

बारामती तालुक्यातील पणदरे हे नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातील गाव असून तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. माळेगाव व सोमेश्वर हे सहकारी साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर या पट्ट्यात येतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने गरोदर स्त्रीने विश्रांती घेतल्यास दोघांचीही कमाई घटते. त्यामुळे तपासण्या चुकतात आणि गावाकडील नोंदी नव्या ठिकाणी उपलब्ध नसतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवल्यास ही अडचण बरीच कमी होते. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व ने-आण विनामूल्य असते. हा लाभ स्थलांतरित स्त्रियांनाही लागू आहे.