मराठी गुराबेचा लांकडी नमुना

मराठी आरमाराविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत लढाया आहेत, तह आहेत, सरखेल व सुभेदार यांच्या वंशावळी आहेत. जहाज मात्र फारसें नाहीं. आंग्र्यांची गुराब किती लांब होती, तिची नाळ कशी होती, तोफा कोणत्या दिशेस रोखलेल्या असत, असे प्रश्न केले म्हणजे इतिहासकार बहुधा पुढच्या लढाईकडे वळतो. नांदेड येथें आम्हीं अशा एका दोन डोलकाठ्यांच्या गुराबेचा नमुना, कोणताही तयार सांगाडा न घेतां, पठाणापासून डोलकाठीच्या टोंकापर्यंत लांकडांत उभा केला. तें काम चाललें असतां कागदांतील कोणते शब्द लांकडांत उतरतात आणि कोणते उतरत नाहींत, हें जें प्रत्ययास आलें तें संग्राहकांपुढें ठेवीत आहों.

समुद्र येथून दूर, तेव्हां गोदातीरीं हा उद्योग कशासाठीं, असें कोणी विचारील. पण देशावरच्या सत्तांचा आणि समुद्राचा संबंध आपण समजतों त्याहून जुना आहे. देवगिरीच्या महादेव यादवानें कोंकणच्या शिलाहार सोमेश्वराचा समुद्रावर पाठलाग केला व तो तेथेंच बुडाला, असें हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून दिसतें. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर वल्हीं मारीत चाललेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. त्या याच प्रसंगाच्या असाव्यात असा कित्येक विद्वानांचा तर्क आहे. दुसरा संबंध अधिक कडू आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीरच्या लढाईंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाला नमविलें. त्या मोहिमेंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूस होत्या आणि साठ लक्षांचा मुलूख पदरांत पडला. त्यापूर्वीं अवघीं चार वर्षें, १७५६ च्या फेब्रुवारींत, याच पेशव्यांचें सैन्य जमिनीवर विजयदुर्गाभोंवतीं उभें असतां वॉटसन व क्लाईव्ह यांच्या माऱ्याखालीं तुळाजी आंग्र्याचें आरमार बंदरांत जळत होतें. पूर्वीं इंग्रजांपासून घेतलेलें 'रिस्टोरेशन' हें जहाज प्रथम पेटलें, आग शेजारच्या गुराबांस लागली आणि थोडक्या तासांत सर्व संपलें. किल्ला त्या वर्षाच्या ऑक्टोबरांतील तहानें बाणकोटच्या बदल्यांत पेशव्यांस मिळाला. जळालेलीं जहाजें मिळण्यासारखीं नव्हतीं. विजयदुर्गास पुढें पेशव्यांचें आरमार पुन्हा उभें राहिलें, आणि १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें 'रेंजर' जहाज पकडिलें, हें खरें. परंतु आंग्र्यांच्या भर अमदानींतील गुराब पाहावयाची तर ती आज कागदांतच पाहिली पाहिजे.

आणि कागदांत न पाहिल्यानें काय होतें तें मिरवणुकींतून व दिवाणखान्यांतून ठेवलेले 'मराठी युद्धनौकां'चे नमुने पाहिले म्हणजे कळतें. दोन-दोन मजल्यांच्या तोफांच्या ओळी, उंच कोरीव पिछाडी, नाळेवर सिंहाचें अथवा घोड्याचें मस्तक, तीन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडांचे थर! भगवा झेंडा काढला तर तें जहाज नेल्सनच्या काफिल्यांत सहज खपेल. भक्तीनें केलेल्या कामाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण असा नमुना पाहणाऱ्या मुलाच्या मनांत एक खोटी गोष्ट कायमची बसते. ती ही कीं मराठी आरमार म्हणजे युरोपियन आरमाराची लहान नक्कल. वस्तुतः त्याचें सामर्थ्य युरोपियन जहाजाला जें साधत नसे तें करण्यांत होतें.

गुराबेच्या बांधणीचें सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षाकडचें आहे. रॉबर्ट ऑर्म हा त्या काळीं मद्रासच्या कौन्सिलांत होता. त्याच्या इतिहासाचा पहिला भाग १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. तो सांगतो त्याचा सारांश असा : गुराबांस बहुधा दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या, तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या वर नाहीं. पाण्यांत फार थोडी बुडणारी, लांबीच्या मानानें फार रुंद, पण मध्यापासून टोंकाकडे निमुळती. पुढें जहाजाच्या छातीऐवजीं भूमध्य समुद्रांतील गॅलीसारखी पुढें आलेली नाळ. तिचें तूतक मुख्य तूतकाच्या पातळींत, आणि दोहोंच्या मध्यें एक आडवी भिंत. नाळेच्या तूतकास कडेचे कठडे नाहींत, कारण समोरून लाट आली म्हणजे हें जहाज जोरानें डोकें खालीं घालतें व वर चढलेलें पाणी अडथळा न होतां वाहून गेलें पाहिजे. त्या आडव्या भिंतींतील भोंकांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा समोर, नाळेवरून, मारा करितात. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

शत्रूचा साक्षीदार म्हणून ऑर्मवर अविश्वास दाखविण्याची रीत आहे. तुळाजीच्या स्वभावाविषयीं तो काय म्हणतो तेथें ती योग्य होय. आडवी भिंत कोठें होती याविषयीं खोटें बोलण्याचें त्याला कांहीं कारण दिसत नाहीं.

आतां घरचा पुरावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्याही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम रीतीच्या असाव्या. वाऱ्यावांचून चालत नाहींत अशीं अवजड जहाजें करूं नयेत. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा असावा, असें तेथें सांगितलें आहे. सागासारखीं लांकडें परवानगीनें तोडावीं, रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये, ही सर्वांस ठाऊक असलेली आज्ञाही त्याच प्रकरणांतली. ऑर्म आंग्र्यांच्या काफिल्यांत आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतें सांगतो. म्हणजे अमात्यांच्या वेळीं एका गुराबेमागें तीन गलबतें, तर पुढें सुमारें पांच. गलबतांचें हें वाढतें प्रमाण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याचें कारण पुढें येईल.

नमुना करणाऱ्यास पहिली गरज मापांची. 'फार रुंद' हें माप नव्हे. आम्हीं असा मार्ग धरिला. इंग्रज सुतारांचा टन काढण्याचा त्या काळचा हिशेब प्रसिद्ध आहे : लांबींतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करावे, बाकीस रुंदीनें व पुन्हा निम्म्या रुंदीनें गुणावें आणि ९४ नें भागावें. ऑर्मचे १५० टन याच हिशेबाचे धरले तर लांबी रुंदीच्या चौपट मानल्यास जहाज ८१ फूट लांब व सव्वावीस फूट रुंद येतें. हें प्रमाण सामान्य युरोपियन व्यापारी जहाजाचें झालें. सव्वातीन पट मानल्यास साडेएकाहत्तर फूट लांब व २२ फूट रुंद. ऑर्मनें रुंदीचा मुद्दाम उल्लेख केला आहे त्या अर्थीं दुसरें प्रमाण आम्हीं पत्करिलें. एका फुटास पाव इंच या मानानें नमुना नाळ सोडून सुमारें अठरा इंच लांब व साडेपांच इंच रुंद झाला. खंडींत बोलावयाचें तर मुंबईची खंडी ५६० पौंडांची, चार खंडींचा एक टन. म्हणजे ही सहाशें खंडींची गुराब.

नाळ किती लांब असावी हें मात्र कोणी सांगत नाहीं. येथें लांकूडच बोलूं लागलें. नऊपौंडी तोफेच्या तोंडाचा व्यास सुमारें ४.२ इंच, आमच्या मानानें तो सव्वादोन मिलिमीटर होतो. तोफ सात फूट लांब धरली तर नमुन्यांत पावणेदोन इंच. अशा दोन तोफा पितळेच्या कांतून, गाड्यांवर चढवून, आम्हीं मुख्य तूतकावर शेजारीं शेजारीं ठेविल्या आणि गोलंदाजांस दोहों बाजूंनीं वावरतां येईल इतकी जागा सोडली. तेव्हां ध्यानांत आलें कीं आडव्या भिंतीपाशीं जहाजाची रुंदी निदान बारा फूट असल्याशिवाय ही योजना साधत नाहीं. निमुळत्या होत जाणाऱ्या अंगांत बारा फूट रुंदी जेथें उरते तेथेंच भिंत. तिच्या पुढें जें राहिलें ती नाळ. तोफांनींच नाळेची लांबी ठरविली. मग तोफेच्या तोंडापासून समोर एक रेशमी दोरा ताणून पाहिला. गाड्यावर चढविलेल्या तोफेचें तोंड तूतकापासून दोन-अडीच फुटांवरच येतें. नाळेच्या कडेस कठडा उभारला कीं दोरा त्यास लागतो. टोंकावर घोड्याचें मस्तक बसविलें कीं तें पहिल्याच बारास उडालें पाहिजे. ऑर्म पाण्याचें कारण देतो तें खरें; परंतु नाळ उघडी ठेवण्यास माऱ्याचेंही तितकेंच सबळ कारण होतें, असें आमचें मत झालें आहे.

यावरून लढण्याची रीतही उकलते. दोन सर्वांत मोठ्या तोफा पुढें आहेत. त्या अर्थीं गुराबेनें शत्रूकडे तोंड करून राहावयाचें, कूस द्यावयाची नाहीं. शत्रूच्या जहाजाची कूस तोफांनीं भरलेली आणि पिछाडी जवळ जवळ मोकळी. तेव्हां पिछाडीस जावयाचें, तेथून त्याच्या डोलकाठ्या व दोर तोडावयाचे, आणि तें पांगळें झालें म्हणजे गलबतांनीं चोहोंकडून भिडून तरवारी घेऊन वर चढावयाचें. वारा पडला असतां गुराबेस ओढून त्या जागीं नेणें हें गलबतांचें काम. एकेका गलबतास चाळीस ते पन्नास वल्हीं, तासास चार मैलांची गति. वारा नसतां इंग्रजी जहाज जागच्या जागीं खिळलेलें असे आणि गुराब मात्र हलत असे. अमात्यांनीं वाऱ्यावांचून न चालणारीं जहाजें कां नाकारलीं, आणि गुराबांमागें गलबतें कां वाढत गेलीं, हें या एका गोष्टीवरून स्पष्ट होतें.

लांकडाविषयीं थोडें. जहाज सागाचें, म्हणून नमुनाही सागाचा, असा मोह होतो. किनवट-माहूरचा उत्तम साग आमच्या हाताशीं होता. परंतु सागाचीं रंध्रें मोठीं. पाव इंची मानांत तीं फळीवर बोटाएवढीं दिसतात. म्हणून बारीक पोताचा, पिवळसर हेदू घेतला. तीन इंच जाडीची फळी म्हणजे नमुन्यांत इंचाचा सोळावा भाग. ती ऊन पाण्यांत भिजवून सांच्यावर वांकविली. ग्रोज यानें १७५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत सुरतेच्या जहाजांच्या फळ्या खांचा पाडून एकमेकींत बसविल्याचें लिहिलें आहे. त्याप्रमाणें कडेस कड खांचेनें जोडिली, आणि पश्चिम किनाऱ्याच्या जुन्या रीतीस अनुसरून आधीं फळ्या व मागाहून वांक बसविले. युरोपियन पद्धतीनें आधीं सांगाडा केला असता तर काम निम्म्या वेळांत झालें असतें. पण मग तो गुराबेच्या आकाराचा नमुना झाला असता, गुराबेच्या बांधणीचा नव्हे.

ज्या भागास लेखी आधार आहे तो हेदूच्या मूळ रंगांत ठेविला. जो भाग केवळ अनुमानाचा तो हिरडा व हिराकस यांच्या काळ्या पाण्यानें रंगविला. पोथ्या हाताळणाऱ्यांस हें मिश्रण सांगावयास नको. त्यामुळें पाहणाऱ्यास पुराव्याची सीमा डोळ्यांनीं दिसते. पिछाडी सगळी काळी आहे. डोलकाठ्यांची संख्या पिवळी, उंची काळी. गुराबेचीं शिडें काळीं, कारण ऑर्म शिडाचा आकार सांगतो तो गलबताचा : एकच मोठें त्रिकोणी शीड, ज्याचें टोंक डोलकाठीच्याही वर जातें. सोल्विन्स या फ्लेमिश चित्रकारानें कलकत्त्यास असतां गुराबेचें चित्र काढून तिची टोंकदार नाळ व नाळेवरून पुढें गेलेली तिरपी काठी नोंदिली आहे, आणि अशीं जहाजें मुंबईस बांधतात असें म्हटलें आहे. पण तो अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्याची गुराब तीन डोलकाठ्यांची, व्यापारी व बरीच युरोपियन वळणाची झालेली. म्हणून ती तिरपी काठी आम्हीं बसविली, परंतु काळ्या रंगांत.

तोफांच्या घडणीसाठीं औसा व उदगीर येथील किल्ल्यांवरच्या तोफांचीं मापें घ्यावीं असें आम्हांस कित्येकांनीं सुचविलें. तें आम्हीं केलें नाहीं. बुरुजावर ठेवावयाच्या तोफेस वजनाची भीति नसते. जहाजाच्या निमुळत्या टोंकांत ठेवावयाच्या तोफेस तीच मुख्य. एकेक लोखंडी नऊपौंडी गाड्यासह टनाहून अधिक भरते. असें दोन टनांहून अधिक वजन नाळेपाशीं आल्यावर जहाज लाटेंत डोकें खुपसणारच.

आतां संग्राहकांस विनंति. आरमाराचा कागद म्हणजे विजयाचें पत्र, अशी समजूत असल्यामुळें जमाखर्चाचीं यादीपत्रें बाजूस पडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत व खाजगी रुमालांत सुतार, लोहार यांच्या मजुरीच्या, काथ्या, सुंभ, डांबर, राळ, खिळे यांच्या खरेदीच्या मोडी यादी असतात. त्यांतील एकेका ओळीस आमच्या दृष्टीनें मोठी किंमत आहे. पठाणाची लांबी गजांत, परमाणाची लांबी हातांत, शिडाच्या कापडाचे ठाण, एका गुराबेस किती सुतार किती दिवस, असा आंकडा कोठें आढळल्यास त्याची नक्कल, शब्द जसेचे तसे व मापाचें नांव न बदलतां, उतरून घ्यावी. पठाण, नाळ, वांक, परमाण, कलमी, तूतक हे शब्द देशावरच्या वाचकास अपरिचित असल्यानें मोडी वाचतांना त्यांचीं भलतींच रूपें होतात. 'पठाण' हा शब्द दिसतांच तो जातिवाचक समजून पुढें जाऊं नये. शिडाच्या कापडाचा एक खात्रीचा आंकडा मिळाला तरी दोन्ही परमाणें उतरवून नवीं बसवितां येतील, अशा बेतानें तीं सध्यां केवळ दोऱ्यानें बांधून ठेविलीं आहेत. पिछाडीही दोन खुंट्यांवरच अडकविली आहे. याच मानाचें, चिरलेल्या बांबूच्या तूतकाचें व चाळीस वल्ह्यांचें एक गलबत सांच्यावर चढविलें असून त्याच्या वीस फळ्या बसल्या आहेत.