पाटा, रबर आणि जळकं ऑइल

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या सर्व्हिस स्टेशनांवर गाड्यांची रांग लागायची. गाडी वर उचलायची, खालचा चिखल पाण्याच्या जोराने काढायचा, प्रत्येक निपलला ग्रीसगन लावायची आणि शेवटी पोटाखाली सगळीकडे ऑइलचा फवारा मारायचा. पुष्कळ ठिकाणी ते जळकं ऑइलच असे. मालक खूश होऊन जात, कारण खालची कुरकुर बंद झालेली असे. प्रीमियर पद्मिनीच्या आवाजांवर माझी हयात गेली, आणि माझं ठाम मत आहे की त्या गाडीच्या खालच्या निम्म्या कटकटी या फवाऱ्यानेच जन्माला घातल्या.

पण ही रीत वेडेपणाची नव्हती. ती आली घोडागाडीकडून. 1804 साली लंडनच्या ओबादाया एलियटने लंबगोल पाट्यांची स्प्रिंग काढली आणि बग्गीची बैठक चाकांवर तरंगू लागली. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्याही तसल्याच पाट्यांवर डुलत चालायच्या. पाट्याचं वैशिष्ट्य असं की खड्ड्यात गाडी दबली की त्याची एकावर एक रचलेली पानं एकमेकांवर घसरतात आणि त्या घर्षणातच धक्का थोडा जिरतो. म्हणजे घासणं हा पाट्याचा दोष नाही, तो त्याच्या कामाचाच भाग. कोरडं पडलं, गंज चढला की तेच घासणं करकरू लागतं. म्हणून सुरुवातीच्या मोटारींच्या पाट्यांवर चामड्याच्या खोळी चढवून आत ग्रीस भरत. लोखंडावर लोखंड घासतंय तोवर तेल हेच औषध, आणि गाडीवाल्यांच्या पिढ्या हे शिकूनच मोठ्या झाल्या.

मग सांध्यांत रबर आलं. दोन पोलादी नळ्यांच्या मधे रबर घट्ट बसवलेला बुश, ज्याला आमच्या धंद्यात आजही सायलेंट ब्लॉक म्हणतात. यात काहीच घसरत नाही. रबर स्वतः पिळवटतं आणि परत येतं. त्याला ग्रीस लागत नाही, किंबहुना खनिज तेल त्याचा वैरी. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, मग भेगाळतं.

पद्मिनी नेमकी या दोन काळांच्या सांध्यावर उभी होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला फियाटच्या गाड्या बांधल्या. आधी ‘डुक्कर फियाट’, 1964 पासून 1100 डिलाइट, आणि 1974 पासून पद्मिनी हे नाव. गाडीचा मूळ आराखडा 1950च्या दशकातल्या इटलीचा. पुढे आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे अख्ख्या एक्सलखाली पाटे. त्यामुळे एकाच गाडीच्या पोटात किंगपिनसारखे ग्रीस मागणारे भाग होते आणि ग्रीसने मरणारे रबरी बुशही. फवारा मारणाऱ्या पोऱ्याला हा भेद कोण सांगणार?

परळच्या ज्या गॅरेजात मी उमेदवारी केली तिथले उस्ताद हा भेद पाण्याने करत. गाडी आली की दोन पोरं पुढच्या कोपऱ्यावर भार देऊन तिला हेलकावे देत. उस्ताद खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर तळहात ठेवत. आवाज पत्र्यातून, चॅसीतून भलतीकडे फिरतो, कानाला डावीकडून येतो आणि असतो उजवीकडे. पण थरथर जिथे जन्मते तिथेच हाताला कडक लागते. संशय आला की, “पोरा, पाणी आण.” एकाच बुशवर थोडं पाणी, पुन्हा हेलकावे. आवाज गेला आणि पाणी वाळताच परत आला, म्हणजे चोर सापडला. सगळीकडे एकदम पाणी मारणाऱ्यावर ते भयंकर चिडत, कारण मग सगळंच गप्प होतं आणि काहीच कळत नाही. बुश अजून चांगला असेल तर ते त्यावर एरंडेल लावत. एरंडेल नैसर्गिक रबराला खात नाही. जुन्या ब्रेक ऑइलमध्येही ते याच गुणासाठी असायचं. आता मी सिलिकॉन ग्रीस वापरतो, पण एरंडेलाची ती बाटली मला अजून आवडते.

बुश बदलला तरी महिन्याभरात पुन्हा आवाज, ही तक्रार घेऊन लोक रडकुंडीला येतात. बहुतेक वेळा कारण एकच: गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळलेला असतो. मग गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं. बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा हलवून बसू द्यायची आणि मगच आवळायचे. पुन्हा खाली शिरावं लागतं, कपडे मळतात, म्हणून हे टाळलं जातं.

टॅक्सीची गोष्ट निराळी. दोन हजारच्या सुमारास न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि डिकीत पोलादी सिलिंडर आला. ते वजन दिवसरात्र मागच्या पाट्यांवर. कमान उतरू लागली, पानांची टोकं खालच्या पानात चर पाडू लागली, आणि काळ्यापिवळ्या गाड्या दादरच्या सिग्नलला ब्रेक मारतानाही करकरू लागल्या. तिथे फवाऱ्याचा उपाय चार दिवसांचा. पाटा उतरवायचा, सेंटर बोल्ट काढून पानं सुटी करायची, गंज खरवडायचा, चर घासून सपाट करायचे, लोहाराकडून कमान चढवून आणायची आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधायचा. यात एक अख्खा दिवस जातो. टॅक्सीवाल्याचा तो दिवसभराचा धंदा बुडायचा, तरी काही जण थांबायचे, बाकड्यावर चहा पीत बसायचे, आणि मला त्यांचा फार आदर वाटायचा.

30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईत अधिकृतपणे उरलेली नाही. घरगुती गाड्या मात्र आहेत, आणि त्या हौसेने सांभाळणारी तरुण मुलंही. सुटे भाग अजून कुर्ल्याच्या बाजारात हिंडून मिळवता येतात. रबर घेताना मी नखाने दाबून पाहतो. वर्षानुवर्षं फळीवर पडलेला माल पुडीत नवा दिसला तरी दगड झालेला असतो. आणि गाडी धुवायला देताना मालकाला आधीच बजावून ठेवतो की खालून ऑइल मारू द्यायचं नाही, कुणी फुकट देतो म्हटलं तरी नाही.