संस्थापक बाजूला झाल्यावर काय उरते? सोर्सररच्या दुफळीची गोष्ट

🧵 १/ संस्था उभारणारा माणूसच एके दिवशी बाजूला झाला, तर ती संस्था कोणाची? मठ, मंडळे, वाचनालये यांच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार येतो. आज तो एका संगणकप्रणालीच्या इतिहासात पाहू. तिचे नाव सोर्सरर, म्हणजे मांत्रिक.

२/ आधी पार्श्वभूमी. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला. नुसत्या गाभ्यावर संगणक वापरता येत नाही. त्याच्याभोवती शेकडो प्रोग्राम जुळवावे लागतात. अशा जुळवलेल्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. डेबियन आणि रेड हॅट ही त्यांतील परिचित नावे.

३/ बहुतेक डिस्ट्रिब्युशन तयार पीठ देतात. काही मोजकी मात्र धान्य देतात. सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, तुमच्याकडे येते आणि तुमच्याच यंत्रावर दळली जाते. यालाच कंपाइल करणे म्हणतात. त्यात तासन्‌तास जातात. पण पिठात काय पडले हे ठाऊक असते आणि जाड की बारीक, हे आपण ठरवतो.

४/ काइल सॅली यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेली सोर्सरर याच जातीची. तिची परिभाषा जादूची होती. प्रोग्राम बसवण्याची कृती म्हणजे ‘स्पेल’, मंत्र; मंत्रांची पोथी म्हणजे ‘ग्रिम्वार’; बसवण्याची आज्ञा ‘कास्ट’, काढण्याची ‘डिस्पेल’. गंमत सोडली तरी मर्म उरते: हे मंत्र गुप्त नव्हते. ते बॅशमध्ये लिहिलेले होते. जाणकाराने वाचावेत, दुरुस्त करावेत.

५/ त्यामुळे कामाला अनेक हात लागले, आणि मतेही अनेक झाली. चक मीड यांनी वेगळी शाखा काढली. तीच पुढे लूनर लिनक्स झाली. नंतर सॅली यांनी स्वतःच काम थांबवले. उरलेल्या स्वयंसेवकांनी ते पुढे चालू ठेवले.

६/ मग सॅली परतले आणि त्यांनी वेगळ्या परवान्याखाली सोर्सरर पुन्हा सुरू केली. नाव एक, दावेदार दोन. स्वयंसेवकांनी नाव सोडले, काम सोडले नाही. त्यांची प्रणाली ‘सोर्स मेज’ या नावाने चालू राहिली.

७/ हे शक्य झाले, कारण जुनी संहिता जीपीएल परवान्याखाली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी या परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. संहिता वापरा, बदला, वाटा; मात्र पुढच्यालाही तेच हक्क द्या, हे त्याचे सार. लेखक आपल्या पुढील कामाचा परवाना बदलू शकतो. एकदा दिलेले हक्क परत घेऊ शकत नाही.

८/ परंतु परवान्याने संहिता वाचते, समूह वाचतोच असे नाही. त्यासाठी सोर्स मेजने सामाजिक करारनामा लिहिला आणि नेतृत्व मतदानावर सोपवले. जेंटू ही याच जातीची, पण कितीतरी मोठी प्रणाली. तिचे संस्थापक डॅनियल रॉबिन्स २००४ मध्ये बाजूला झाले. २००५ पासून तिथे निवडून आलेली परिषद आहे. जेंटूची पोर्टेज यंत्रणा पुढे गूगलच्या क्रोमओएसच्या बांधणीत वापरली गेली.

९/ आपल्या परिसरात याचे जुने दाखले आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्यांच्या संस्थापकांना जाऊन कित्येक दशके लोटली. नुसती पुस्तके कपाटात होती म्हणून या संस्था टिकल्या नाहीत. सभासद होते, पिढ्या बदलल्या तरी कारभार हाती घेणारी माणसे होती, म्हणून टिकल्या.

१०/ इतिहास लिहिताना संस्थापकाचे चरित्र हाताशी असते. परवाना, घटना, मतदानाचे नियम रुक्ष वाटतात. सोर्सररच्या दुफळीत मात्र निर्णायक ठरला तो परवानाच. एखाद्या मंडळाची शताब्दी-स्मरणिका हाती आली, तर संस्थापकांच्या छायाचित्रापाशी थांबू नका. पुढची पाने उलटा आणि घटना छापली आहे का, ते पाहा.