बसऱ्याला गेलेले आजोबा

मूळ गाव सातारा, कोकण किंवा बेळगावच्या बाजूला असलेल्या घरांत एक अर्धवट वाक्य हमखास सापडतं. "आमचे एक आजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले." कुठला बसरा, कसली लढाई, नक्की कोण आजोबा... पुढे सगळा आनंद! आमच्या घरातही हे वाक्य आहे. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळे "बसऱ्याचे आजोबा" म्हणतात आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेले काही विकांत हे नाव शोधण्यात घालवले. ते कसं सापडलं ते सांगतोच. पण शोधता शोधता एक गोष्ट अशी कळली, की ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असायला हवी असं वाटलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटिशांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये फौज उतरवली. तेव्हा तो तुर्कांच्या ओटोमान साम्राज्याचा भाग होता. ६ नोव्हेंबरला फाओ बंदरात पहिली तुकडी उतरली, २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. ही फौज होती सहावी डिव्हिजन, नाव "पूना डिव्हिजन". तिच्या तीन ब्रिगेडची नावं वाचा: पूना, अहमदनगर, बेळगाव. आणि तिन्हींमध्ये एकेक मराठा पलटण. पूना ब्रिगेडमध्ये ११७ वी, अहमदनगरमध्ये १०३ वी, बेळगावमध्ये ११० वी. थोडक्यात काय, बसरा आपल्या लोकगीतात-बोलण्यात आला तो उगाच नाही. तिथे आपल्याच गावची पोरं गेली होती.

पुढे जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन टायग्रिस नदीकाठाने बगदादकडे निघाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली, तिथून माघार घेत फौज कूत नावाच्या गावात आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी तिला वेढा घातला. तो तब्बल १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांना वेढा फोडता आला नाही. आत धान्य संपत आलं, शिधा कमी कमी होत गेला, शेवटी घोडे कापायला लागले. धर्माच्या कारणाने बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस खाल्लं नाही आणि स्कर्व्हीने माणसं खंगत गेली. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे तेरा हजार माणसं कैदी झाली. त्यातल्या हजारोंना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं, पुष्कळ जणांना रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यातले कितीतरी परत आले नाहीत.

तर आता आमचे आजोबा. हाताशी माहिती शून्य. नाव नाही, पलटण नाही, तारीख नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबल आहे पण प्रायमरी कीच नाही!

की मिळाली ती देव्हाऱ्यात. आमच्या थोरल्या आत्याच्या देवघरात टाकांच्या शेजारी एक पंखवाली देवी होती. आत्याच्या सासरी नव्हे, माहेराहून आलेली. दर दसऱ्याला चिंच लावून लख्ख घासलेली. ती देवी म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल! त्याच्यावर विजयदेवतेची पंख पसरलेली मूर्ती असते. त्याच्या जोडीला चांदीचं एक पदक मिळायचं. ते बहुतेक घरांत कधीच वितळून पैंजण-वाळ्यांत गेलं. आमचंही गेलंच असणार. पण ब्राँझला कोण विचारतो, म्हणून ही देवी वाचली.

या पदकांची खरी माहिती चेहऱ्यावर नसते, कडेवर असते. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन बघितलं. नंबरातला एक आकडा चिंचेने खाल्ला होता, नावाची पहिली तीन अक्षरं शिल्लक होती, आणि पुढे स्पष्ट: ११० मराठाज. आत्या म्हणाली, "अरे, मी इतकी वर्षं त्यांनाच हळदकुंकू लावत होते होय?" यावर काय बोलणार!

पुढचं काम मात्र आपल्या ओळखीचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिचा मृत सैनिकांचा डेटाबेस १९९८ पासून आंतरजालावर फुकट आहे. त्यात पलटण आणि सर्व्हिस नंबर टाकून शोधता येतं. एक आकडा गायब म्हणजे फक्त दहा शक्यता. दहा वेळा शोधलं. नावाशी जुळणारे दोघे उरले.

इथे सावध राहायला लागतं. एकाच पलटणीत एकाच नावाची चार-चार माणसं असायची. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसं स्पेलिंग केलेलं. जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी डब्ल्यू, तर कधी नुसता ओ. जिल्हे-तालुकेही तेव्हाचे. रायगड शोधाल तर मिळणार नाही, १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत होती आणि सावंतवाडी तर वेगळं संस्थान. पलटणींचीही तीच तऱ्हा. १९२२ मध्ये सगळ्यांचे नंबर बदलले. ११० वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि पुढे तीच आजची २ पॅरा. त्यामुळे आजच्या नावावरून मागे जाण्यापेक्षा १९१४ चं नाव धरून बसलेलं बरं.

काही नोंदींत मात्र "अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक" असं लिहिलेलं असतं. आमच्या दोघांपैकी एकाच्या नोंदीत वडिलांचं नाव होतं, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. तारीख १९१६ चा फेब्रुवारी. म्हणजे वेढ्याच्या आत.

वडिलांचं नाव पडताळायला गावचा जुना फेरफार काढला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जमिनीच्या मालकीत बदल झाला की त्याची नोंद ड-पत्रकात होते. शहरात वाढलेल्या मंडळींनी एकदा तरी हे वाचून बघावं, इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त इतिहास असतो.) मोडी वाचणाऱ्या एका काकांनी वाचून दिलं. १९१९ ची नोंद: खातेदार "लढाईत मयत", वडिलांचं नाव तेच, वारस बायको. आणि पुढे त्या बायकोचं नाव.

ते नाव ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. आजोबांचं नाव हरवलं होतं हे निदान ठाऊक तरी होतं. ही बाई होती हेच घरात कुणाला आठवत नव्हतं. नवरा गेला फेब्रुवारी १९१६ मध्ये आणि कागदावर तो मेला १९१९ मध्ये. मधली तीन वर्षं ती काय म्हणून जगली असेल?

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ मध्ये उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरलेली आहेत, अगदी साध्या शिपायाचंसुद्धा. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि हिंदी शिपायांच्या वाट्याला? पलटणीचं नाव आणि पुढे एक आकडा. संपलं!

कुणी म्हणेल, तेव्हा नावं मिळाली नसतील. पण फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला याच कमिशनने १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक बांधलं, त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, शिपायांसकट. फौज तीच, कमिशन तेच. शिवाय बसऱ्याच्या शिपायांची नावं कमिशनच्या याद्यांत होतीच, म्हणून तर मला ती आज सापडली. नावं होती, दगडावर घातली नाहीत. "ग्रुप बाय पलटण" करून नुसता काउंट छापला आणि कॉलम टाकून दिला.

कमिशनने स्वतःच २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं. ४५ ते ५४ हजार जणांचं स्मरण असं दुजाभावाने झालं, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही, असं त्यात म्हटलंय. यात आफ्रिकेतले आणि इजिप्तचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. कारण म्हणून त्या काळच्या साम्राज्याचा वंशवाद असं स्पष्ट लिहिलंय. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. बसऱ्याचं स्मारक मात्र १९९७ मध्येच सद्दामच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं गेलंय.

इंडिया गेटवर तरी असतील ना, असं मला दोघातिघांनी विचारलं. तिथे १३,३०० च्या आसपास नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात गेलेल्यांची. बसरेवाले तिथेही नाहीत.

आणि खरं सांगू का, कॉलम टाकून देण्यात आपणही कमी नाही. साहेबाने आकडा ठेवला, आपण "बसऱ्याचे आजोबा" ठेवलं. नाव दोघांकडूनही गेलं. साहेबाच्या वहीत ते निदान सापडलं तरी. त्यांच्या बायकोचं नाव आपल्या वंशावळीत नव्हतंच, कारण आपल्या वंशावळीत बायका नसतातच. तिची नोंद ठेवली ती तलाठ्याने, तीही जमिनीपुरती.

दोघांची नावं इथे लिहीत नाहीये. चुलत्यांनी बजावलंय, "आधी घरच्या वंशावळीत, मग तुझ्या त्या कॉम्प्युटरवर." बरोबरच आहे त्यांचं. या वेळी वंशावळीत दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहिली जातील.

तुमच्या घरात असं अर्धवट वाक्य असेल तर एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला या शनिवारी फोन लावा. "कोण होते?" असं विचारू नका, "काय ठेवलंय?" असं विचारा. पदक, पेन्शनचा कागद, ब्राँझची गोल थाळी (अशी नाव कोरलेली थाळी मृतांच्या घरी पाठवली जायची, आकाराने साधारण बशीएवढी), काहीही. गावात देवळाजवळ किंवा चावडीवर "या गावातून इतके गेले, इतके मेले" अशी संगमरवरी पाटी आहे का बघा. तिच्यावरही नुसते आकडेच असतात. पण आकडा असला की निदान किती नावं शोधायची ते कळतं.