अक्षयनीवी ते शेअरबाजार

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण दिले, त्याची ती नोंद होय. ही रक्कम त्याने संघाच्या हाती दिली नाही. विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेवली. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, अशी अट शिळेवर खोदली आहे. आणि हा व्यवहार निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदविल्याचेही त्यात म्हटले आहे. अशा ठेवीस अक्षयनीवी म्हणत. देवस्थानाचा कायम निधी सांभाळणाऱ्या, नंदादीपासाठी ठेवलेल्या रकमेचे व्याज वर्षानुवर्षे खर्ची टाकणाऱ्या आपल्या वाचकांस त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. एकाच रकमेतून विणकरास भांडवल मिळाले आणि भिक्षूस वस्त्र मिळाले. मुद्दलास मात्र कोणी हात लावावयाचा नाही.

दुसरा जुना नियम दामदुपटीचा. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, हे स्मृतिकारांनी सांगितले व मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ते इंग्रजी अमदानीतही चालविले. मद्रास इलाख्याने तो नियम मानला नाही, ही गोष्ट पुढील हकिकतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दामदुपट असूनही १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच जन्मास आला. नियम कितीही चांगला असला, तरी ऋणकोला दुसरा धनको मिळत नाही तोवर तो कागदावरच राहतो.

दुसरा धनको उभा करण्याचे प्रयत्न म्हणजेच धर्मादाय कर्जसंस्थांचा इतिहास. अठराव्या शतकात डब्लिन येथे धर्मगुरू व लेखक जोनाथन स्विफ्ट याने स्वतःचे पाचशे पौंड बाजूला काढून गरीब कारागिरांस बिनव्याजी, जामिनावर व आठवड्याच्या हप्त्याने कर्जे देण्यास आरंभ केला. त्याच धर्तीवर पुढे आयर्लंडभर शेकडो निधी निघाले. त्यांना १८२३ च्या कायद्याने व्याज घेण्याची मुभा दिली, १८३६ मध्ये त्यांच्यावर देखरेखीसाठी मंडळ नेमले गेले, आणि नंतर हळूहळू ते निधी मावळले. आपल्याकडे बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली, तीही १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा होण्यापूर्वी पंधरा वर्षे. बडोद्याच्या मराठी मंडळींनी या गोष्टीचा अभिमान बाळगावा, तितका बाळगला जात नाही.

तथापि बडोद्याच्या मंडळीत दोघेही सभासद. देणारा तोच घेणारा. ज्याच्यापाशी भाग घेण्यासही दोन रुपये नाहीत, त्याचे काय? अहमदाबादेस १९७४ मध्ये इला भट्ट यांनी, ज्या स्वतः वकील होत्या, चार हजार स्त्रियांचे प्रत्येकी दहा रुपये गोळा करून सेवा बँक काढली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. गिरणीकामगारांस डबे पुरविणाऱ्या खाणावळवाल्या किराणा उधार आणीत आणि त्यासाठी सावकाराचे व्याज भरीत. या बायकांचे गट करून, त्यांनी एकमेकींस जामीन राहावे अशा व्यवस्थेने, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून देण्याचे काम मंडळाने केले. पैसा बँकेचा, भरवसा मंडळाचा. जगाच्या इतिहासात ज्या घटनेपासून या चळवळीचा आरंभ सांगण्याची रीत पडली आहे, तिच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट होय.

ती घटना म्हणजे बांगलादेशातील चितगावजवळच्या जोबरा गावची. विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस यांनी १९७६ मध्ये तेथील बेचाळीस माणसांचे सावकारी देणे मोजले. ते सारे मिळून ८५६ टका भरले. ती रक्कम त्यांनी खिशातून दिली. पुढे पाच-पाच जणींचे गट, दर आठवड्याचा हप्ता, तारण नाही, अशी पद्धत बसविली गेली आणि १९८३ मध्ये ग्रामीण बँक खास कायद्याने स्थापन झाली. तिचे बहुतेक भाग पुढे कर्जदार स्त्रियांच्याच मालकीचे झाले. संयुक्त राष्ट्रांनी २००५ हे वर्ष सूक्ष्मकर्जाचे म्हणून पाळले व २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस व त्यांची बँक यांना विभागून मिळाले. दारिद्र्य वस्तुसंग्रहालयात ठेवण्याची भाषा त्या काळी सर्रास ऐकू येई.

याच वेळी चळवळीच्या आत एक वाद चालू होता. देणगीच्या पैशाने किती गरिबांपर्यंत पोहोचता येईल? लक्षावधी, फार तर काही कोटी. सर्वांपर्यंत जावयाचे तर नफा अपेक्षिणारे भांडवल हवे, आणि ते हवे तर संस्थेने कंपनीचे रूप घेतले पाहिजे. हा युक्तिवाद खोटा नव्हता. बोलिव्हियात एका धर्मादाय संस्थेतून १९९२ मध्ये बँकोसोल ही व्यापारी बँक निघाली. मेक्सिकोतील काँपार्तामोस १९९० मध्ये लोकोपयोगी संस्था म्हणून आरंभली, २००० मध्ये कंपनी झाली व २००७ च्या एप्रिलमध्ये तिचे शेअर बाजारात विक्रीस आले. तिच्या कर्जावरील व्याज वर्षाला शेकडा ऐंशीच्या वर होते. देणगीदारांनी एके काळी दिलेले काही लक्ष डॉलर या विक्रीत कोट्यवधी झाले, आणि स्वतः युनूस यांनीच त्यावर कडक टीका केली.

येथे वकिलाच्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो देवस्थानच्या विश्वस्तांसही परिचित आहे. मूर्तीस कायद्याने व्यक्ती मानले आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात ते स्पष्ट केले. देवाची जमीन देवाची. महाजन वा पुजारी हे तिचे वहिवाटदार, मालक नव्हेत. धर्मादाय कर्जसंस्थेस मिळालेली देणगीही गरीब कर्जदार बाईच्या नावाने मिळालेली असते. मग त्या देणगीवर उभी राहिलेली संस्था कंपनी होते, तेव्हा त्या मुद्दलाचे मालक कोण ठरतात?

आंध्र प्रदेशात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. स्वयम् कृषी संगम ही नोंदणीकृत संस्था १९९७ च्या सुमारास निघाली. २००५ पासून तिचे काम एका बिगर-बँक वित्त कंपनीकडे गेले, तीच पुढे एसकेएस मायक्रोफायनान्स म्हणून प्रसिद्धीस आली. देणगीच्या पैशाची व्यवस्था अशी केली गेली की कर्जदार स्त्रियांच्या हितार्थ परस्पर-हित न्यास स्थापन करावेत आणि त्या न्यासांनी कंपनीचे शेअर धरावेत. कागदावर ही योजना सुबक होती. लाभार्थी स्त्रिया अप्रत्यक्षपणे मालक ठरत होत्या. पण न्यासात लाभार्थीचे हक्क तोवरच खरे, जोवर विश्वस्तास जाब विचारता येतो. खेड्यातली बाई शेकडो मैलांवरच्या न्यासाच्या विश्वस्तास जाब कसा विचारणार? नव्या गुंतवणूकदारांच्या भांडवलाबरोबर न्यासांचा वाटा आक्रसत गेला. २०१० च्या ऑगस्टमध्ये शेअरबाजारात विक्री झाली ती प्रत्येकी ९८५ रुपये भावाने, आणि मागणी तेराहून अधिक पटीने आली.

दोन महिन्यांनी सारे चित्र पालटले. आंध्रातील गावांत एकाच घरात तीन-चार संस्थांची कर्जे, शिवाय सरकारच्या महिला बचतगटांचे कर्ज, अशी स्थिती झाली होती. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरला जाई. ज्या गटाची परस्पर जामिनकी एकमेकींच्या आधारासाठी होती, तीच आता दारात बसून राहण्यासाठी वापरली जाऊ लागली. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि १५ ऑक्टोबर २०१० रोजी राज्य सरकारने अध्यादेश काढला. जिल्ह्यात नोंदणी केल्याशिवाय धंदा नाही. वसुली आठवड्याची नव्हे, महिन्याची, आणि तीही सार्वजनिक जागी. बचतगटातल्या बाईस पूर्वपरवानगीवाचून दुसरे कर्ज नाही. आणि एक कलम असे की, व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येणार नाही. मुद्दलाच्या दुपटीइतकी रक्कम पोहोचली की कर्ज फिटले. ते वाचताना मला मौज वाटली. मद्रास इलाख्याने ज्या दामदुपटीस दारात उभे केले नव्हते, ती त्याच मुलुखात आंध्रच्या विधिखात्यामार्फत आत आली होती. जुन्या नियमाहून ती कडक होती, हे खरे. दामदुपट एका वेळच्या वसुलीपुरती. अध्यादेशाने एकूण वसुलीसच दुपटीची हद्द घातली.

वसुली जवळजवळ थांबली. बँकांनी संस्थांना पैसा देणे बंद केले. ज्यांचा व्यवहार चोख होता अशा लहान संस्थाही त्याच भोवऱ्यात सापडल्या, आणि आंध्रातील बायांस पुन्हा जुना सावकार गाठावा लागला. रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली. २०११ मध्ये व्याजास शेकडा सव्वीसची मर्यादा आली व अशा कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग झाला. व्याजावरील मर्यादा २०२२ मध्ये उठविली गेली. तिच्या जागी घरातल्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये असा नियम आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने केरळ व गुजरातच्या खटल्यांत ठरविले की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. त्यास अनुसरून २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने आंध्रचा कायदाही या कंपन्यांपुरता दूर केला. दामदुपट पुन्हा बाहेर. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जुलमी वसुलीविरुद्ध नवा अध्यादेश काढला, तोही मुख्यतः नोंदणी नसलेल्या सावकारांवर. बेळगावकडील वाचकांनी आपल्या गावचा धनको कोणत्या वर्गात मोडतो हे आधी पाहून घ्यावे. कायद्याचा आधार मिळेल की नाही, हे आता कर्जाच्या अटींपेक्षा धनकोच्या नोंदणीवर अधिक ठरते.

पण मूळ प्रश्न राहिलाच: या कर्जाने दारिद्र्य हटते काय? याचे उत्तर हैदराबादेतूनच मिळाले. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील १०४ वस्त्या निवडून त्यांतील निम्म्या वस्त्यांत, चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात तशा, स्पंदना या संस्थेच्या शाखा आधी उघडविल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरी आधीच धंदा होता तेथे तो थोडा वाढला. शिलाई यंत्रासारख्या टिकाऊ वस्तू घेतल्या गेल्या. पान-तंबाखूवरचा खर्च उतरला. परंतु घरचा एकूण खर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य, बायकोच्या शब्दास घरात असलेले वजन, यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. इतर देशांतील अभ्यासांचेही निष्कर्ष बरेचसे असेच निघाले. कर्ज उपयोगी पडते, पण ते धंदा करू शकणाऱ्यास. अगदी तळाच्या माणसास त्याचा हप्ता म्हणजे आणखी एक ओझे.

हे बांगलादेशातील एका संस्थेने आधीच ओळखले होते. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ब्राक या संस्थेस तीस वर्षांच्या कामात दिसून आले की सर्वांत गरीब बाई कर्जाच्या गटात येतच नाही; आलीच तर तिच्या मैत्रिणी तिला जामीन राहत नाहीत. म्हणून २००२ पासून ब्राकने निराळे काम आरंभले. गाय वा शेळ्या द्यावयाच्या, काही काळ दर आठवड्यास खर्चाची थोडी रक्कम द्यावयाची, घरी जाऊन शिकवावयाचे, आणि परतफेड मागावयाची नाही.

आपल्या देशात हेच काम पश्चिम बंगालमधील 'बंधन'ने हाती घेतले. २००१ च्या सुमारास स्वयंसेवी संस्था म्हणून निघालेल्या बंधनचे कर्जाचे अंग वाढत वाढत २०१५ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण बँक झाले, आणि धर्मादाय अंग वेगळे राहून मुर्शिदाबाद जिल्ह्यातील अत्यंत गरीब घरांस गुरे देत राहिले. बहुतेक बायांनी गुरेच मागून घेतली होती. दीड वर्षाने मदत थांबली. अभ्यासकांनी दहा वर्षांनंतर पुन्हा त्या घरांचा शोध घेतला, तेव्हा त्यांचे उत्पन्न व खाणेपिणे शेजारच्या, मदत न मिळालेल्या तशाच घरांपेक्षा अजूनही वरचढ होते. कित्येकांनी त्या गुरांच्या जोरावर दुसरा धंदा धरला होता.