आपल्या मुलखातील सागवान आणि सभामंडपाची माडी



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गाभारा, शिखर आणि कळस यांचीच चर्चा अधिक होते. ज्या माडीवर बसून भजनी मंडळी रात्र जागवतात, तिच्या फळ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु शिखराला तडा गेला तर तो दुरून दिसतो. फळी आतून पोखरली गेली तर ती मोडेपर्यंत कळत नाही. आणि ती मोडते, ती माडी माणसांनी भरलेली असतानाच! म्हणून लाकडाची निवड हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे. तो सोडविताना आपल्या मुलखाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

चांद्याचा मुलूख गोंड राजांकडून १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेला व त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी इंग्रजांच्या ताब्यात आला. जुन्या वाड्यांतून आणि देवळांतून माडीची जमीन कडीपाटाची असे : तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. हे सागवान निबिड अरण्यात सावकाश वाढलेल्या थोराड झाडांचे असे.

पुढे रेल्वे आली. १८६७ साली ती मुंबईहून नागपूरला पोचली. त्यानंतर वर्धा, हिंगणघाट, वरोरा असा फाटा झाला. रुळांखालच्या स्लीपरांसाठी टिकाऊ लाकडाची मागणी एकदम वाढली. रानावर सरकारची नजर गेली, १८६५ व १८७८ साली वनकायदे झाले आणि सागवानावर हातोड्याची छाप व वाहतूक परवाना यांचा अंमल सुरू झाला. लागवडीचे सागवान मलबारात निलंबूर येथे १८४० नंतरच्या दशकातच सुरू झाले होते. आपल्या राज्यात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले व लागवडीला वेग आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साग हे नाव एकच असले तरी माल एकसारखा नसतो. झाडाच्या मधला सोनेरी-तपकिरी गाभा तेलकट असतो. वाळवी व बुरशी त्याला सहजासहजी लागत नाही. सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग मात्र साध्या लाकडासारखाच किडतो. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग प्रमाणाने अधिक असतो. डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ साली निघाली. तेथे लाकडाचे खुंट जमिनीत पुरून ते किती काळ टिकतात, हे तपासले गेले. १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गाचे, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या व त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गाचे ठरले. सागाचा गाभा पहिल्या वर्गात, तर सावर, सालई व आंबा तिसऱ्या वर्गात येतात.

तेव्हा फळी घेताना रंग लावण्यापूर्वी तिची चारही अंगे पाहावीत. पांढरी कड असेल तर ती काढून टाकावी. टोकाकडून पाहिल्यास वाढीच्या रेषा शक्यतो उभ्या असाव्यात. कारण आडव्या रेषांची फळी रुंदीत जवळजवळ दुप्पट आकसते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पाठोपाठ पावसाळा येतो. ओली फळी ठोकली तर पहिल्याच वैशाखात फटी पडतात. म्हणून फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत, वारा लागेल अशा रीतीने त्या वाळवाव्यात. इंचभर जाडीला एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. भिंतीत शिरणारी कडीची टोके ओलीपासून जपावीत. कुजणे बहुधा तेथूनच सुरू होते.

आपल्या जिल्ह्याच्या सागवानाची थोरवी आता देशभर पोचली आहे. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण जिल्ह्याचे नाव मोठे म्हणून बाजारातील प्रत्येक फळी चांगली ठरत नाही.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची सूचना. जीर्णोद्धारात उतरविलेले जुने लाकूड भंगार म्हणून विकण्याची घाई करू नये. त्यातील कुजकी टोके कापून टाकावीत, खिळे काढावेत, टोचा मारून आत पोकळ आहे की काय ते पाहावे. जे शाबूत निघेल ते पूर्ण वाळलेले, पक्क्या गाभ्याचे लाकूड होय. आज पैसे मोजूनही तसे सहज मिळत नाही. नवे लाकूड उरलेल्या जागेपुरतेच, पावती व परवाना पाहून घ्यावे. त्यात वर्गणीदारांचा पैसा वाचेल आणि रानातली काही झाडेही वाचतील.

आपल्या पूर्वजांनी घातलेल्या फळीवर पुढच्या पिढीनेही निर्धास्तपणे टाळ धरावा, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.